कंपाउंडरच्या बाटलीपासून एम.फार्म.पर्यंत : खानदेशात औषधविकासाचे उच्चशिक्षण कसे पोहोचले?

१/ मुंबई–आग्रा महामार्गाने धुळे सोडून उत्तरेकडे निघाले, तापी ओलांडली, की सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर लागते. तालुक्याच्या या गावात आज औषधनिर्माणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेता येते. शंभर वर्षांपूर्वी अशी पदवी देणारे एकही विद्यापीठ हिंदुस्थानात नव्हते. मधल्या काळात भेसळ झाली, माणसे दगावली, कायदे झाले आणि पेटंटचे युद्धही झाले. त्या साऱ्याचा हा इतिहास.

२/ प्रथम संज्ञा स्पष्ट करू. एम.फार्म. म्हणजे औषधनिर्माणशास्त्रातील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. औषधाचा रेणू रुग्णाच्या शरीरात योग्य जागी, योग्य मात्रेत आणि सुरक्षितपणे कसा पोहोचवावा, हा या शास्त्राचा गाभा. रेणू शोधणे, प्राण्यांवर त्याची पारख करणे, त्याची गोळी किंवा द्रव बनवणे, प्रत्येक घाणीचा दर्जा तपासणे आणि शेवटी माणसांवरील चाचण्या, या साखळीला औषधविकास म्हणतात. ती पूर्ण होण्यास बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो.

३/ आता मागे जाऊ. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच विशाल जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पूर्वेचा भाग पुढे जळगाव आणि पश्चिमेचा धुळे म्हणून ओळखला जाऊ लागला. सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा तेव्हा हिवतापासाठी कुप्रसिद्ध होता. तापावरचा मुख्य इलाज क्विनीन. ते पुडीत मिळे. परंतु पुडीत खरोखर किती क्विनीन आहे, हे तपासणारी यंत्रणा नव्हती.

४/ औषध तयार करून देणारा माणूस म्हणजे कंपाउंडर. डॉक्टरच्या खोलीशेजारच्या खिडकीत बसून तो मिश्रणे कालवी, बाटलीत भरी आणि किती घोट घ्यायचे ते दाखवणारी, कडेने खाचा पाडलेली कागदी पट्टी बाटलीवर चिकटवी. बहुतेक कंपाउंडर अनुभवाने शिकलेले असत. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औषधविक्रेत्यांसाठी वर्ग निघाले होते. पण खिडकीत कोणी बसावे, याविषयी देशव्यापी कायदा नव्हता.

५/ भेसळीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १९२७ मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये त्यांवर ठराव आला. क्विनीनची भेसळ हा त्यातला जिव्हाळ्याचा प्रश्न होता. १९३० मध्ये सरकारने औषध चौकशी समिती नेमली. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील औषधगुणशास्त्राचे प्राध्यापक लेफ्टनंट कर्नल रामनाथ चोप्रा तिचे अध्यक्ष होते. १९३१ च्या अहवालाने दोन गोष्टी एकत्र मांडल्या : औषधांवर कायद्याचे नियंत्रण हवे, आणि ते राबवण्यासाठी शास्त्र शिकलेली माणसे हवीत. भारतीय औषधशिक्षणाचा पाया या जोडणीत आहे.

६/ शिक्षणाची पहिली हालचाल बनारसला झाली. अमेरिकेत रसायनशास्त्र शिकून आलेल्या महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ मध्ये औषधरसायनाचे अध्यापन सुरू केले. १९३७ मध्ये तेथे बी.फार्म. हा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा राहिला आणि १९४० च्या दशकात संशोधनावर आधारित एम.फार्म. अस्तित्वात आली. पदवीचा हेतू तेव्हाच ठरला होता : दुकान चालवणारा नव्हे, प्रयोगशाळा चालवणारा माणूस घडवणे.

७/ मुंबईत त्याच सुमारास निराळी वाट तयार होत होती. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग स्थापन केला. कापडगिरण्यांच्या शहराला रंगरसायनांचे तज्ज्ञ हवे होते, हे त्याचे मूळ कारण. औषधनिर्माणाची शाखा त्यात पुढे आली. परळला हाफकिन संस्था होतीच. १८९७ च्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. त्या प्लेगच्या तडाख्यातून खानदेशही सुटला नव्हता.

८/ याच हाफकिन संस्थेत औषधविकासाचा एक नमुनेदार प्रसंग घडला. सल्फा औषधे नवी होती. १९४० च्या सुमारास साहिबसिंग सोखे यांच्या नेतृत्वाखाली रसायनशास्त्रज्ञ, अमरावतीत जन्मलेले औषधगुणशास्त्रज्ञ भालचंद्र बाबाजी दीक्षित आणि प्लेगच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉ. वागळे एकत्र आले. आधी प्रयोगशाळा, मग प्राणी, मग रुग्ण, या क्रमाने त्यांनी सल्फाथायाझोल हे औषध प्लेगवर पारखले आणि मृत्युप्रमाण ठळकपणे घटल्याचे दाखवले. आज एम.फार्म.च्या पुस्तकांत जी साखळी आकृती काढून शिकवतात, ती या तिघांच्या कामात प्रत्यक्ष दिसते. हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

९/ सल्फा औषधांची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. १९३७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने सल्फानिलामाइड गोड द्रवरूपात विकले. ते विरघळवण्यासाठी डायएथिलिन ग्लायकॉल वापरले होते. मूळ औषध गुणकारी होते, पण द्रावक विषारी निघाला आणि शंभराहून अधिक लोक मरण पावले. त्यांत अनेक मुले होती. १९३८ मध्ये अमेरिकेने विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा पुरावा सक्तीचा केला. औषध म्हणजे केवळ मुख्य रेणू नव्हे, त्याच्यासोबत बाटलीत जे जे जाते ते सर्व औषधच, हा धडा जगाने येथे घेतला.

१०/ हिंदुस्थानात १९४० साली औषध कायदा आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फार्मसी कायदा आला. पहिल्याने औषधाचा दर्जा कायद्याच्या कक्षेत आणला, दुसऱ्याने औषध देणाऱ्या माणसाची पात्रता. चोप्रा समितीची जोडणी कागदावर पूर्ण झाली. कागदावरचे धुळे-जळगावच्या दुकानांपर्यंत येण्यास मात्र आणखी तीन दशकांहून अधिक काळ लागणार होता.

११/ मधल्या काळात महाराष्ट्रात औषधसंशोधनाने बाळसे धरले. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलीन बनू लागले. तिच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने बुरशीवर चालणारे हॅमायसिन हे प्रतिजैविक शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. एका मराठी गावाचे नाव सूक्ष्मजीवशास्त्राच्या कोशात गेले, ते असे.

१२/ मुंबईत गोरेगावला १९६३ मध्ये सिबा कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले; मुलुंडला हेक्स्टचे होते. मुलुंडच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात कोलियस या भारतीय वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन वेगळे केले. पेशीच्या आतील संदेशवहन अभ्यासण्यासाठी हा रेणू आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. नवा रेणू शोधण्याची क्षमता येथे होती, याचे हे दोन पुरावे. मग देशाचा औषधउद्योग दुसऱ्या वाटेने का गेला?

१३/ उत्तर पेटंट कायद्यात आहे. १९११ च्या ब्रिटिशकालीन कायद्याने औषधाच्या रेणूवरच मक्तेदारी मिळत असे. औषधे महाग आणि बाजार परकीय कंपन्यांच्या हाती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद झाले. पेटंट मिळेल ते केवळ बनवण्याच्या प्रक्रियेवर, आणि तेही जास्तीत जास्त ७ वर्षे. तोच रेणू निराळ्या रीतीने बनवणे आता कायदेशीर होते.

१४/ या एका बदलाने भारतीय रसायनज्ञाची बुद्धी एका दिशेला वळली : परदेशी औषध हाती घ्या, ते बनवण्याचा दुसरा, स्वस्त मार्ग शोधा. औषधे स्वस्त झाली. लाखो रुग्णांना याचा लाभ झाला. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा एकत्र उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या घरात होता. नव्या रेणूच्या शोधाची निकड मात्र त्या काळात मागे पडली. हा लाभ आणि ही उणीव एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या.

१५/ खानदेशात या काळात काय चालले होते? केळी, कापूस, तेलगिरण्या, आणि शिक्षणासाठी पुणे, मुंबई, नाशिक किंवा नागपूरची वाट. हे चित्र १९८० च्या दशकात पालटले, आणि त्यास दोन निर्णय कारण झाले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना वाट मोकळी केली. १९८४ मध्ये फार्मसी कायद्याचे कलम ४२ अंमलात आले. नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज इतरांनी चिठ्ठीवरचे औषध तयार करून देणे गुन्हा ठरले. १९४८ चा कायदा अखेर दुकानाच्या उंबऱ्यावर पोहोचला.

१६/ परिणाम उघड होता. प्रत्येक दुकानाला पात्र माणूस हवा होता आणि तो घडवणाऱ्या संस्था काढण्यास आता मुभा होती. सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या आणि शिक्षणसंस्था चालवणाऱ्या ग्रामीण नेतृत्वाला ही संधी ताबडतोब उमगली. तालुक्याच्या गावी औषधनिर्माण महाविद्यालये निघण्यामागचे अर्थकारण हे आहे.

१७/ आणि मग १९८६ उजाडले. जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांपैकी १४ जण मूत्रपिंड निकामी होऊन दगावले. ग्लिसरीनमध्ये भेसळ होती ती डायएथिलिन ग्लायकॉलची. अमेरिकेत १९३७ मध्ये माणसे मारणारे तेच द्रव्य जवळजवळ अर्धशतकानंतर मुंबईत परतले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सारी साखळी उघडी पाडली.

१८/ १९८८ मध्ये औषध नियमांत परिशिष्ट एम आले : कारखान्यातील हवा, पाणी, यंत्रे, नोंदी आणि कर्मचारी कसे असावेत याची संहिता. गुणवत्ता हमी ही आता स्वतंत्र विद्या झाली. आज एम.फार्म.च्या यादीत ‘क्वालिटी अॅश्युरन्स’ ही शाखा दिसते, तेव्हा तिच्यामागे या मृत्यूंचा इतिहास उभा आहे, हे विद्यार्थ्याने विसरू नये.

१९/ खानदेशासाठी पुढची निर्णायक तारीख १५ ऑगस्ट १९९०. पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. विद्यापीठ जवळ आल्याने संलग्नता, परीक्षा, संशोधनाचे मार्गदर्शक, सारेच जवळ आले. १९९२ मध्ये शिरपूरला आर. सी. पटेल औषधनिर्माण महाविद्यालय सुरू झाले. चोपडा, फैजपूर, बोराडी अशा ठिकाणीही हे शिक्षण गेले. १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरवणाऱ्या फैजपूरला आता टॅबलेटचे विघटन मोजणारी यंत्रे होती.

२०/ शिरपूरचे भौगोलिक स्थानही सूचक आहे. मुंबई–आग्रा महामार्ग एका दिशेला नाशिक-मुंबईकडे, दुसऱ्या दिशेला इंदूरजवळच्या पीथमपूरकडे जातो. धुळ्याहून सुरतेकडे जाणारा रस्ता गुजरातच्या रसायनपट्ट्याला, अंकलेश्वर-वापीला जोडतो. औषधउद्योगाच्या या केंद्रांच्या मधोमध खानदेश आहे. कारखाने फारसे आले नाहीत. त्यांना लागणारी शिकलेली माणसे मात्र येथून जाऊ लागली. कापसाच्या बाबतीत जे घडले, पीक येथले आणि गिरणी दुसरीकडची, त्याची ही नवी आवृत्ती म्हणता येईल.

२१/ १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि तिच्या कराराप्रमाणे १ जानेवारी २००५ पासून भारतात रेणूवरील पेटंट परत आले. ‘दुसरी प्रक्रिया शोधा’ हा तीस वर्षांचा मंत्र नव्या औषधांपुरता निष्प्रभ झाला. संसदेने कलम ३(ड) घालून एक बांध मात्र ठेवला : ज्ञात औषधात किरकोळ बदल करून, गुणकारिता न वाढवता, नवे पेटंट मिळणार नाही. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेकच्या खटल्यात हा बांध कायम ठेवला.

२२/ पदव्युत्तर शिक्षणाचे स्वरूप यामुळे पालटले. औषध शरीरात सावकाश सोडणे, न विरघळणारा रेणू विरघळवणे, निर्यातीसाठी परकीय नियामकांची कागदपत्रे सिद्ध करणे, या विद्यांना मागणी आली. २०१० पासून जीपॅट ही राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा सुरू झाली. ती उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू लागली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला आणखी दोन वर्षे शिकू द्यावे की नाही, हा घरातला निर्णय अनेकदा या रकमेवर ठरतो.

२३/ त्या दोन वर्षांत काय होते? पहिल्या वर्षी अध्यापन आणि प्रयोग. दुसऱ्या वर्षी मुख्यतः संशोधन प्रकल्प. एक कसोटी सांगण्याजोगी आहे. तयार केलेली गोळी ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या पेटीत सहा महिने ठेवतात आणि ठरावीक काळाने आत किती औषध शिल्लक आहे ते मोजतात. पाश्चात्त्य विद्यार्थ्यासाठी हे तापमान यंत्राने निर्माण केलेली अतिशयोक्ती असते. भुसावळच्या मे महिन्यात पारा याच्याही वर जातो. थंड देशात रचलेले औषध खानदेशच्या दुकानात टिकेल का, हा प्रश्न येथल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागत नाही.

२४/ आता या इतिहासाचा सर्वांत कठीण प्रश्न. शिरपूर आणि बोराडीच्या उत्तरेला, सातपुड्यात, भिल्ल आणि पावरा समाजांत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचे झटके येतात. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी त्याचे वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष असल्याचे दाखवले. रेणूच्या पातळीवर उलगडलेला हा पहिला आजार. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदवला गेला.

२५/ इतक्या लवकर उलगडलेल्या आजाराला औषध मिळण्यास किती काळ लागला? अमेरिकेत सिकल सेलसाठी पहिले औषध, हायड्रॉक्सियुरिया, १९९८ मध्ये मान्य झाले, आणि तेही मुळात कर्करोगासाठी वापरात असलेले. पॉलिंगपासून जवळपास पन्नास वर्षे. रुग्ण मुख्यतः कृष्णवर्णीय अमेरिकन, आफ्रिकन आणि भारतीय आदिवासी. बाजार लहान, खरेदीची ऐपत कमी. कोणत्या आजारावर औषध शोधायचे, हे केवळ विज्ञान ठरवत नाही.

२६/ येथे एम.फार्म.चे शास्त्र थेट उपयोगी पडते. भारतात हायड्रॉक्सियुरिया प्रामुख्याने ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये मिळत आले. दहा किलो वजनाच्या बालकाला दिवसाला साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम लागते. कॅप्सूल फोडून पूड अंदाजाने वाटून देणे धोक्याचे. औषध पेशींवर परिणाम करणारे, मात्रा चुकली तर रक्तपेशीच घटतात. लहान मात्रेची गोळी किंवा उष्णतेत टिकणारे, चवीला बरे द्रवरूप हवे. यासाठी नवा रेणू लागत नाही. रेणू जुना आहे, पेटंटचा अडसर नाही. हवी आहे ती उत्तम औषधरचना.

२७/ आणि त्या एका बाटलीत हा सारा इतिहास एकवटतो. द्रावक निर्धोक हवा, हा १९३७ चा आणि १९८६ चा धडा. मात्रा अचूक हवी, ही क्विनीनच्या पुडीपासूनची मागणी. ४० अंशांत टिकायला हवे, ही येथल्या उन्हाची अट. रसायनज्ञ, औषधगुणतज्ज्ञ आणि रुग्णाजवळचा डॉक्टर एकत्र हवेत, ही हाफकिन संस्थेची शिकवण. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासण्या वाढल्या, की औषधाची गरजही अधिक स्पष्ट दिसू लागते.

२८/ चोप्रा समितीपुढचा प्रश्न होता : पुडीत औषध खरे आहे का? १९७० च्या कायद्यापुढचा : ते परवडते का? आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढचा प्रश्न आहे : ते कोणासाठी बनवले जात आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्लीत लिहिली गेली. तिसऱ्याचे उत्तर शिरपूर, चोपडा किंवा फैजपूरच्या प्रयोगशाळेत लिहिता येण्याजोगे आहे. रुग्ण तेथून दूर नाहीत.